सीमेखालच्या पाण्याचा सातबारा

२०२५ साली सतरा दिवसांच्या अंतराने पाण्याच्या दोन बातम्या आल्या. पहलगामच्या हल्ल्यानंतर २३ एप्रिलला भारताने पाकिस्तानबरोबरचा १९६० चा सिंधू जलकरार स्थगित ठेवल्याचे जाहीर केले आणि १० मे रोजी भोपाळमध्ये महाराष्ट्र व मध्य प्रदेश या राज्यांनी तापी मेगा रिचार्ज, म्हणजेच तापी खोऱ्यातील महाकाय पुनर्भरण प्रकल्पाच्या सामंजस्य करारावर सह्या केल्या. पहिल्या बातमीवर वाहिन्यांवरून कित्येक आठवडे चर्चा झडली. दुसरी बातमी जळगाव आणि बऱ्हाणपूरबाहेर फारशी कोणाच्या लक्षात राहिली नाही. पहिलीत चर्चा होती ती धरणांची, कालव्यांची, कोणत्या नदीवर हक्क कोणाचा याची. पंजाबच्या सपाटीवर सीमेच्या दोन्ही बाजूंना लाखो नलिका विहिरी ज्या एकाच गाळाच्या थरातून पाणी उपसतात, त्या थराचा उल्लेख त्या गदारोळात क्वचितच झाला. तापीच्या बातमीत मात्र जमिनीखालचे पाणी हाच मुख्य विषय होता.

दोन देशांच्या किंवा दोन राज्यांच्या सीमेखालून पसरलेल्या अशा पाण्याचे व्यवस्थापन कसे करायचे, हा जगातला मोठा आणि बराचसा अनुत्तरित प्रश्न आहे. युनेस्को आणि तिच्याशी संलग्न भूजल केंद्राने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नकाशात असे ४६८ साठे नोंदवलेले आहेत. त्यांच्यापैकी ज्यांच्यासाठी खास करार झालेला आहे, असे साठे हाताच्या बोटांवर मोजता येतील. नद्यांवर शेकडो करार असताना हे असे का, हे समजून घ्यायचे तर आधी जमिनीखाली काय असते ते पाहावे लागेल.

जमिनीखाली नदी वाहत नाही

बोअर मारण्याआधी पाणाड्याला बोलावण्याची पद्धत अजून गेलेली नाही. तो तळहातावर नारळ घेऊन शेतातून फिरतो आणि एका जागी थबकून ‘इथून झरा जातो’ असे सांगतो. त्यामुळे भूजल म्हणजे जमिनीखालून वाहणारी एखादी नदी, ही समजूत आपल्या मनात पक्की बसलेली आहे. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी पाणी वाळूच्या, गोट्यांच्या किंवा खडकाच्या फटींमध्ये मुरून बसलेले असते. ज्या थरात ते इतके साठते आणि इतके हलू शकते की विहिरीला पाणी लागावे, त्या थराला भूशास्त्रात ‘जलधर’ म्हणतात. या लेखात एवढी एकच पारिभाषिक संज्ञा पुन्हा पुन्हा येईल.

जलधरातून पाणी उपसले की काय होते, हे बर्फाच्या गोळ्यावरून छान कळते. गोळा एका बाजूने चोखला की आधी तोंडाजवळचा बर्फ पांढरा पडतो, मग आजूबाजूचा रंग हळूहळू त्या जागेकडे सरकतो आणि बराच वेळ चोखत राहिले तर पलीकडची बाजूही फिकी होते. विहिरीभोवती नेमके हेच घडते. पाण्याची पातळी आधी विहिरीजवळ खचते आणि तो खड्डा नरसाळ्यासारखा रुंदावत जातो. हे नरसाळे शेजाऱ्याच्या बांधाखाली किंवा शेजारच्या देशाखाली पोचले, तरी वर कोणाला काही दिसत नाही. नदी ताशी काही किलोमीटर वाहते; भूजल दिवसाला काही सेंटीमीटर, फार तर काही मीटर सरकते. म्हणून नदीवर बांध घातला की खालच्या गावात दुसऱ्या दिवशी ओरड सुरू होते, तर भूजलाच्या उपशाचा परिणाम शेजाऱ्याला जाणवेपर्यंत वर्षे, कधी दशके गेलेली असतात आणि तोवर कारण कोण हे सिद्ध करणे अवघड झालेले असते.

सगळे जलधर सारखे नसतात, हेही इथेच सांगितले पाहिजे. महाराष्ट्राचा सुमारे चार पंचमांश भाग काळ्या बेसाल्ट खडकाचा आहे. त्यातले पाणी मसाल्याच्या डब्यातल्या वाट्यांसारखे लहान लहान कप्प्यांत असते. एक वाटी रिकामी केली तरी दुसरीला फारसा धक्का बसत नाही. म्हणून आपल्या बहुतेक भागात सीमेपलीकडचा उपसा ही दोन-चार गावांपुरती बाब राहते. गाळाच्या सपाट प्रदेशात मात्र एकच मोठी परात असते आणि तिच्याभोवती सगळे बसलेले असतात. पंजाब ही अशी परात आहे, आणि तापी-पूर्णेच्या खोऱ्यातला गाळाचा पट्टा ही तिच्यापुढे लहान असली तरी परातच.

नदीसारखी वाटणी का करता येत नाही?

सिंधू करारात तीन पूर्वेकडच्या नद्या भारताला आणि तीन पश्चिमेकडच्या पाकिस्तानला मिळाल्या. भावांनी शेताची वाटणी करावी तसा हा साधा हिशेब होता. पण वाटणीत एक गोष्ट नेहमी अडते, ती म्हणजे विहीर. जमिनीचे तुकडे होतात, विहीर सामाईक राहते. सातबाऱ्यावर तिचा हिस्सा लिहिला जातो आणि पाळ्या ठरतात. आता त्या भावांपैकी एकाने आपल्या हिश्शाच्या जमिनीत, सामाईक विहिरीपासून पन्नास फुटांवर दोनशे फूट खोल बोअर घेतली तर? विहिरीच्या पाळ्या कागदावर तशाच राहतात आणि विहिरीचा तळ दिसू लागतो.

रावी, बियास आणि सतलज या नद्यांचे पाणी भारताने वळवणे कराराला धरूनच होते. परंतु रावी लाहोरजवळून वाहते आणि नदीच्या पात्रातून झिरपणाऱ्या पाण्यावर त्या शहराखालचा जलधर भरत असे. नदीची वाटणी झाली, तिच्यातून मुरणाऱ्या पाण्याची झाली नाही. दुसऱ्या बाजूला भारतीय पंजाबात भाताच्या पिकाने उपसा इतका वाढवला की तो आता वार्षिक पुनर्भरणाच्या दीडपटीहून अधिक आहे. २००९ मध्ये तर १० जूनपूर्वी भाताची लावणी करण्यास मनाई करणारा कायदा राज्याला करावा लागला. नासाच्या ग्रेस उपग्रहांनी गुरुत्वाकर्षणातील बारीक फरक मोजून काढलेला आकडा असा आहे की ऑगस्ट २००२ ते ऑक्टोबर २००८ या सहा वर्षांत वायव्य भारताने १०९ घन किलोमीटर भूजल गमावले. आपल्या भाषेत सांगायचे तर सुमारे ३,८५० टीएमसी, म्हणजे छत्तीस कोयना धरणे.

यातले किती पाणी ‘पलीकडून आले’ आणि किती ‘आपलेच’ होते? हा प्रश्न ऐकायला चुरचुरीत वाटला तरी त्यात फारसा अर्थ नाही. सपाट मुलखात उतार नाममात्र असतो, त्यामुळे सीमा ओलांडून येणारे पाणी उपशाच्या तुलनेत थोडेच असणार. दोन्ही पंजाबांची पातळी प्रामुख्याने आपापल्याच उपशाने खचत आहे. ‘त्यांनी आपले पाणी पळवले’ अशी हाकाटी दोन्ही बाजूंना सोयीची असते, कारण मग आपल्या मोफत विजेकडे आणि भाताच्या हमीभावाकडे बोट दाखवावे लागत नाही. सीमेलगतच्या काही किलोमीटरच्या पट्ट्यात मात्र ओढाताण खरी असते, आणि मलमूत्र, कारखान्यांचे सांडपाणी किंवा खारे पाणी एकीकडून जलधरात शिरले की ते हळूहळू दुसरीकडे सरकणारच.

कायदा काय म्हणतो?

इथे गोंधळ मोठा आहे, आणि तो घरापासूनच सुरू होतो. भारतात १८८२ चा सुविधाधिकार कायदा जमिनीखाली झिरपलेले पाणी काढून वापरण्याचा हक्क जमीनमालकाला देतो. राज्यघटनेत आंतरराज्य तंट्यांसाठी जे २६२ वे कलम आहे, ते आंतरराज्य नद्यांबद्दल बोलते. जलधराचे नाव त्यात नाही. कृष्णा खोऱ्यासाठीच्या बच्छावत लवादाने तर स्पष्टच ठरवले की कोणत्याही राज्याने केलेला भूजलाचा वापर कृष्णेच्या पाण्याचा वापर म्हणून मोजला जाणार नाही. तेव्हा ते व्यवहार्य होते, कारण विजेचे पंप आजच्याइतके नव्हते. मात्र त्याचा परिणाम असा झाला की नदीचा थेंबन्‌ थेंब मोजला गेला आणि तिच्या काठच्या बोअर हिशेबाबाहेर राहिल्या.

कावेरीच्या तंट्यात १६ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने वेगळी वाट धरली. तमिळनाडूच्या खोऱ्यात २० टीएमसी भूजल उपलब्ध असल्याचे दिसत होते. त्यापैकी १० टीएमसी हिशेबात धरून न्यायालयाने तेवढे नदीचे पाणी कर्नाटकला वाढवून दिले. बंगळुरूच्या गरजेसाठीचे ४.७५ टीएमसी धरून कर्नाटकाची एकूण वाढ १४.७५ टीएमसी झाली. नदी आणि भूजल ही एकाच वहीची दोन पाने आहेत, हे यातून मान्य झाले. ही गोष्ट आपल्याकडे जितकी चर्चिली जायला हवी होती तितकी चर्चिली गेली नाही, असे मला वाटते.

आंतरराष्ट्रीय पातळीवर १९९७ चा संयुक्त राष्ट्रांचा जलप्रवाह करार आहे, पण नदीशी जोडलेल्या भूजलापुरताच तो लागू होतो. सहाराच्या पोटातले, कोणत्याही नदीशी संबंध नसलेले पाणी त्याच्या कक्षेत येत नाही. ती पोकळी भरण्यासाठी आंतरराष्ट्रीय विधी आयोगाने एकोणीस कलमांचा मसुदा तयार केला आणि संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ११ डिसेंबर २००८ रोजी त्याची दखल घेतली. देशांनी या कलमांचा विचार करावा, अशी शिफारस तेवढी झाली. बंधनकारक करार झाला नाही. शेजाऱ्याला लक्षणीय हानी पोचू देऊ नये, माहितीची नियमित देवाणघेवाण करावी, वापर न्याय्य असावा, ही तत्त्वे त्या मसुद्यात आहेत. पण त्यातच असेही म्हटले आहे की जलधराचा जो भाग ज्याच्या हद्दीत, त्याच्यावर त्या देशाचे सार्वभौमत्व. अनेक जलकायदेतज्ज्ञांना हे खटकले आणि ते रास्तही आहे. गोळ्याचा माझ्याकडचा अर्धा भाग माझा, असे म्हणून चोखणे थांबत नाही.

जिनिव्हाचा मीटर

करार कसा असावा याचे सर्वांत जुने आणि सर्वांत चांगले उदाहरण स्वित्झर्लंड आणि फ्रान्स यांच्या सीमेवर आहे. जिनिव्हा शहराखाली सुमारे १९ किलोमीटर लांबीचा, जास्तीत जास्त साडेतीन किलोमीटर रुंदीचा जलधर आहे आणि त्याचा दक्षिणेकडचा थोडा भाग फ्रान्सच्या ओत-साव्वा विभागात जातो. आर्व्ह नावाची आल्प्समधून येणारी नदी त्याला भरते. १९६० नंतर उपसा वाढत गेला आणि १९७० च्या सुमारास वर्षाला १.४ कोटी घनमीटरपर्यंत, म्हणजे नैसर्गिक पुनर्भरणाच्या जवळजवळ दुपटीपर्यंत पोचला. वीस वर्षांत पातळी सात मीटरहून अधिक खचली आणि साठ्याचा तिसरा हिस्सा संपला.

जिनिव्हापुढे दोन मार्ग होते. सरोवराचे पाणी शुद्ध करणारे नवे केंद्र बांधायचे, किंवा आर्व्हचे पाणी गाळून जलधरात सोडायचे. दुसरा मार्ग स्वस्त पडत होता, पण त्यात एक अडचण होती: खर्च जिनिव्हाने करायचा आणि फुकटचे पाणी फ्रान्समधल्या विहिरींनी उपसायचे, असे होऊ शकत होते. ही अडचण म्हणजे भूजलाच्या सगळ्या प्रश्नांचे मूळ आहे. आपल्याकडे शेततळे खणणारा शेतकरीही हेच म्हणतो, की पाणी मी मुरवायचे आणि बोअर शेजाऱ्याची भरायची.

तोडगा १९७८ पासून लागू झालेल्या करारात निघाला. पुनर्भरणाचे केंद्र जिनिव्हाने बांधायचे आणि त्याची मालकीही त्यांचीच. फ्रेंच बाजूने वर्षाला ५० लाख घनमीटरपेक्षा अधिक उपसा करायचा नाही. त्यातले पहिले २० लाख घनमीटर विनामूल्य, कारण निसर्गतः तेवढे पाणी त्यांच्या बाजूलाही मुरतेच; त्यापुढच्या पाण्यासाठी पुनर्भरणाच्या खर्चात वाटा द्यायचा. प्रत्येक विहिरीवर मीटर बसवायचा आणि नोंदी एकमेकांना दाखवायच्या. देखरेखीसाठी दोन्ही बाजूंचे तीन-तीन सदस्य, त्यातले दोन-दोन पाण्याचे तंत्रज्ञ असलेच पाहिजेत. व्हेसी येथील केंद्र १९८० मध्ये सुरू झाले. तिथे नदीचे पाणी वाळूतून गाळून सच्छिद्र नळांमधून जमिनीत सोडले जाते, आणि आर्व्ह गढूळ झाली की केंद्र बंद ठेवतात. पातळी पुन्हा वर आली. ३० वर्षांची मुदत संपत आली तेव्हा २००७ मध्ये नव्या करारावर सह्या झाल्या आणि तो १ जानेवारी २००८ पासून आणखी ३० वर्षांसाठी लागू झाला.

या करारात मला दोन गोष्टी विशेष वाटतात. पहिली, पाणी कोणाचे या प्रश्नाला त्यांनी हातच घातला नाही. किती उपसायचे आणि मुरवण्याचा खर्च कोणी किती उचलायचा, एवढेच ठरवले. दुसरी, करार बर्न आणि पॅरिस यांच्यात झालेला नाही. आधी जिनिव्हाचे कँटन, म्हणजे स्विस प्रांत, आणि फ्रान्सचा जिल्हाप्रमुख, आणि २००७ मध्ये तर फ्रान्सकडून स्थानिक नगरसंस्थांचे गट, अशी ही पाण्याचे बिल ज्यांना भरावे लागते त्यांच्यातली बोलणी होती.

मग वाळवंटात, जिथे मुरवायला पाणीच नाही, तिथे?

हा आक्षेप योग्य आहे. इजिप्त, लिबिया, सुदान आणि चाड यांच्या खाली सुमारे २० लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला न्यूबियन जलधर हजारो वर्षांपूर्वी, सहारा हिरवा असताना भरला. आज त्यात जवळजवळ काहीच भर पडत नाही. पंजाबचे किंवा जिनिव्हाचे पाणी पगारासारखे आहे, खर्च बेताने केला तर दर वर्षी येत राहते. न्यूबियाचे पाणी आजोबांनी ठेवलेल्या मुदत ठेवीसारखे आहे. लिबियाने १९९१ पासून प्रचंड नळांमधून ते किनाऱ्यावरच्या शहरांना नेले. तिथे ‘शाश्वत वापर’ या शब्दांना अर्थ नाही, ठेव किती वर्षांत मोडायची एवढाच प्रश्न उरतो. चारही देशांचे संयुक्त प्राधिकरण आहे आणि २००० साली त्यांनी मोजमापांच्या देवाणघेवाणीचे करार केले, पण कोणी किती उपसावे याची मर्यादा त्यात नाही.

जॉर्डन आणि सौदी अरेबिया यांनी अशाच जुन्या पाण्याच्या डिसी जलधरासाठी २०१५ मध्ये अधिक ठोस मार्ग काढला. सीमेलगतच्या एका पट्ट्यातला भूजलाचा सगळा उपसा पाच वर्षांत बंद करायचा आणि त्याच्या बाजूच्या पट्ट्यात फक्त नगरांच्या पुरवठ्यापुरते पाणी काढायचे. अमेरिका आणि मेक्सिको यांनीही १९७३ मध्ये अ‍ॅरिझोनाच्या सीमेवर पाच मैलांच्या आत प्रत्येकाने वर्षाला १ लाख ६० हजार एकर-फुटांपेक्षा, म्हणजे सुमारे सात टीएमसीपेक्षा, जास्त उपसा करू नये असे ठरवले. गोळ्याच्या मधल्या भागाला कोणीच तोंड लावायचे नाही, असा हा साधा व्यवहार आहे. जिथे विश्वास कमी तिथे तो बरा चालतो, कारण पट्ट्यात पंप चालू आहे की नाही हे उपग्रहाच्या छायाचित्रातल्या हिरव्या शेतांवरूनही कळते. भारत आणि पाकिस्तान यांच्यात उद्या बोलणी सुरू झालीच, तर ती सगळ्या जलधराची वाटणी करण्यापेक्षा अशा पट्ट्यापासून सुरू होणे अधिक शक्य आहे.

आता तापीकडे

सातपुड्याच्या पायथ्याशी डोंगरातून वाहून आलेल्या दगडगोट्यांचा एक लांब पट्टा आहे. त्याला ‘बझाडा’ म्हणतात. डोंगरातून खळाळत उतरणारे नाले या पट्ट्यात आले की नाहीसे होतात, इतके पाणी तो पिऊन टाकतो. रावेर, यावल आणि बऱ्हाणपूर भागातली केळी याच पाण्यावर उभी राहिली आणि याच उपशाने पातळी इतकी खाली नेली की रावेर-यावलचे नाव अतिशोषित तालुक्यांच्या यादीत गेले. प्रकल्पाची कल्पना अशी: तापीवर खरिया गुटीघाट येथे, दोन्ही राज्यांच्या सीमेवर बंधारा घालायचा, पावसाळ्यातले पाणी कालव्यांनी वळवायचे आणि बझाड्यात मुरवायचे. जाहीर झाल्याप्रमाणे एकूण ३१.१३ टीएमसी पाण्यापैकी ११.७६ मध्य प्रदेशाला आणि १९.३६ महाराष्ट्राला. तुलनेसाठी, जिनिव्हाचा ऐन भरातला वार्षिक उपसा जेमतेम अर्धा टीएमसी होता. म्हणजे हा त्याच्या साठपटीचा व्यवहार आहे.

परंतु हे आकडे नदीतून घ्यायच्या पाण्याचे आहेत. ते एकदा गोट्यांमध्ये मुरले की कोणाचे ११ आणि कोणाचे १९, हे ओळखण्याची सोय राहत नाही. बऱ्हाणपूरच्या बाजूला मुरलेले पाणी उताराने रावेरकडे सरकेल, किंवा रावेरच्या बोअर ते ओढून घेतील. काही वर्षांनी एक राज्य दुसऱ्याला विचारील की आमच्या वाट्याचे पाणी गेले कुठे. पुनर्भरण झाले की पंप वाढतात, हाही आपल्याकडचा नेहमीचा अनुभव. विहिरीला दहा फूट पाणी चढले की त्याच उन्हाळ्यात दोन नव्या बोअर होतात आणि केळीखालचे क्षेत्र वाढते.

‘मग काय प्रत्येक बोअरला मीटर लावायचा?’ असे कोणीही विचारील. हजारो खासगी बोअरींवर मीटर लावणे जिनिव्हाइतके सोपे नाही, कारण तिथे उपसा करणाऱ्या मोजक्याच नगरसंस्था होत्या. शेतीपंपांच्या स्वतंत्र वीजवाहिन्यांवरचा वीजवापर मोजून उपशाचा अदमास बांधता येतो. पिकाखालचे क्षेत्र उपग्रहावरून कळते. आणि सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे सीमेच्या दोन्ही बाजूंना ठरावीक निरीक्षण विहिरींची पातळी ठरावीक दिवशी मोजणे. महाराष्ट्राची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये घेते. केंद्रीय भूजल मंडळाच्या फेऱ्यांत ऑगस्ट आणि नोव्हेंबर असतात. ऑक्टोबरमधली एका बाजूची पातळी आणि नोव्हेंबरमधली दुसऱ्या बाजूची पातळी शेजारी शेजारी ठेवून काहीच सिद्ध होत नाही, कारण त्या महिन्याभरात रब्बीचे पंप सुरू झालेले असतात. बऱ्हाणपूर आणि रावेर इथल्या विहिरी एकाच आठवड्यात, एकाच पद्धतीने मोजून त्याची वही दोन्हीकडच्या गावांना खुली करायला बंधारा पूर्ण होण्याची वाट पाहावी लागत नाही. उलट बंधाऱ्याआधीच्या चार-पाच वर्षांच्या नोंदी नसतील, तर पाणी चढले की उतरले हे नंतर कशाच्या आधारे सांगणार?